कानातला आवाज

आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रण कक्षात मी आजवर बऱ्याचदा बसलो आहे, बहुतेक वेळा कविता वाचायला. कानाला हेडफोन असतो आणि काचेपलीकडं बसलेले अधिकारी त्यातून हळूच सूचना देतात : जरा सावकाश, कागद वाजू देऊ नका, शेवटची ओळ पुन्हा घ्या. तुम्हा श्रोत्यांना तो आवाज कधी ऐकू येत नाही. तुम्हाला ऐकू येतो तो फक्त माझा. वाचन रंगलं तर वाहवा माझी, फसलं तर बोलणीही मलाच. आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे, त्यात साठ-सत्तर हजार प्रेक्षकांसमोर उभ्या असलेल्या एका खेळाडूच्या कानात असाच एक आवाज असतो. तो कुणाचा, तो तिथं कसा पोचला आणि खेळ फसल्यावर जबाबदार कोण, एवढीच आजची गोष्ट.

हा खेळ मी पहिल्यांदा नीट पाहिला तो २०१०च्या ऑक्टोबर महिन्यात. माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. भावजयीचं बाळंतपण होतं म्हणून अम्मीला घेऊन मी गेलो होतो. रविवारची संध्याकाळ होती आणि टीव्हीवर सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा सामना चालू होता. या संघाचं नाव फोर्टी नाइनर्स. १८४९ साली सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडं धावलेल्या लोकांवरून पडलेलं. त्या हंगामातले पहिले चारही सामने संघ हरला होता आणि पाचवाही हरण्याच्या वाटेवर होता. एकाएकी सगळं मैदान एका सुरात ओरडू लागलं, ‘वी वाँट कार!’ मला वाटलं, मोटारीची एखादी बक्षीस योजना असेल. भाऊ हसून म्हणाला, ‘‘भाई, कार म्हणजे राखीव क्वार्टरबॅक. डेव्हिड कार. जो खेळतोय त्याला काढा आणि काराला आणा, असं म्हणताहेत लोक.’’

जो खेळत होता त्याचं नाव अ‍ॅलेक्स स्मिथ. तेवढ्यात कॅमेरा मैदानाच्या कडेला वळला. डोळे विस्फारलेला एक आडदांड प्रशिक्षक या पोराच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडत होता आणि पोरगाही मागं न सरता काहीतरी सांगत होता. त्याला बाहेर काढणार असं वाटत असताना प्रशिक्षकानं त्याला पुन्हा आत पाठवलं. त्यानंतर तो असा खेळला की सामना हातात येता येता राहिला. २७-२४ असा हरला संघ. मला नियम काडीचे कळले नाहीत. पण तो चेहरा लक्षात राहिला. असा चेहरा मी आधी एकदा पाहिला होता. त्याविषयी पुढं सांगतो.

आधी खेळाविषयी थोडं. आपल्या फुटबॉलशी याचं नातं नावापुरतं. चेंडू लंबगोल, आणि तो पायापेक्षा हातातच जास्त. मैदान शंभर यार्डांचं, बाजूला अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्याकडं जातो. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक स्वतंत्र खेळी, आधी ठरवलेली, नाव दिलेली, पाठ केलेली. बुद्धिबळातली चाल आणि तालमीतला डाव यांचं लग्न लावून दिल्यासारखा हा प्रकार आहे. प्रत्येक खेळीत चेंडू आधी येतो क्वार्टरबॅकच्या हातात. पुढची दोन-तीन सेकंदं त्याची. तेवढ्यात समोरचे शंभर-सव्वाशे किलोंचे गडी त्याला पाडायला धावत येतात, आणि त्यानं मात्र त्यांच्याकडं न बघता दूर कुठं आपला गडी मोकळा होतोय ते हेरून चेंडू फेकायचा.

या खेळाचा पाणिनी म्हणावा असा माणूस म्हणजे येल विद्यापीठाचा वॉल्टर कँप. १८८० साली त्यानं रग्बीतली झोंबाझोंबी मोडून दोन बाजूंमध्ये रेषा आखली आणि चेंडू मागं देण्याची आजची पद्धत बसवली. क्वार्टरबॅक जन्मला तो तिथं. पण तेव्हा तो बिचारा नुसता हमाल. चेंडू घ्यायचा आणि मागच्याकडं सोपवायचा. चेंडू पुढं फेकायला परवानगीच नव्हती. मैदानावरच्या दुखापतींनी इतके तरुण दगावत होते की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसवर बोलावून घ्यावं लागलं. खेळ सुधारा, नाही तर तो टिकणार नाही, असा त्या बैठकीचा रोख होता. १९०६ साली चेंडू पुढं फेकण्याची मुभा मिळाली आणि तो हमाल हळूहळू सेनापती झाला. १९२०मध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावी व्यावसायिक संघांची संघटना उभी राहिली. दोन वर्षांनी तिचं नाव झालं नॅशनल फुटबॉल लीग.

आता मला ज्याचं नवल वाटलं ती गोष्ट. या व्यावसायिक खेळात १९४४ सालापर्यंत कडेच्या बाकावरून खेळाडूंना सूचना देणं हा गुन्हा होता. प्रशिक्षकानं आठवडाभर काय शिकवायचं ते शिकवावं. सामन्याच्या दिवशी खेळी निवडायची ती मैदानावरच्यांनी. चूक झाली तर ती कुणाची, हा प्रश्नच नव्हता. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. तिथं एक गोष्ट शिकलो, की कायद्यातलं एखादं छोटं कलम निघून जातं तेव्हा कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. परिणाम दिसतात ते दहा-वीस वर्षांनी. १९४४ साली ते बंधन उठलं आणि दोनच वर्षांनी पॉल ब्राउन आला.

ओहायोतल्या मॅसिलनच्या शाळेत मुलं घडवून वर आलेला हा माणूस. १९४६ साली क्लीव्हलँडला नवा संघ निघाला, तो त्याच्या हाती दिला आणि संघाला नावही त्याचंच दिलं, क्लीव्हलँड ब्राउन्स. हयात प्रशिक्षकाचं नाव संघाला! खेळाडूंना त्यानं वर्गात बसवलं, वह्या दिल्या, खेळी लिहून काढायला लावल्या, परीक्षा घेतल्या, सामन्याच्या फिती पुन्हा पुन्हा दाखवून प्रत्येकाला गुण दिले. त्याच्याविषयी चांगलंही बोललं पाहिजे. व्यावसायिक फुटबॉलची दारं काळ्या खेळाडूंना बंद होती त्या काळात, १९४६ सालीच, त्यानं मॅरियन मॉटली आणि बिल विलिस यांना संघात घेतलं. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन आला तो त्याच्या पुढच्या वर्षी.

पण मैदानावर कुठली खेळी खेळायची, हे मात्र ब्राउननं दुसऱ्या कुणाच्या हाती ठेवलं नाही. त्याची युक्ती साधी होती. क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे दोन गडी आलटून पालटून आत-बाहेर करायचे. एक बाहेर आला की ब्राउन दुसऱ्याच्या कानात खेळी सांगायचा आणि तो धावत जाऊन क्वार्टरबॅकला निरोप द्यायचा. सांगकाम्ये दूतच! क्वार्टरबॅक होता ऑटो ग्रॅहम, त्या पिढीतला सर्वोत्तम. त्याला ही पद्धत मनातून रुचत नव्हती. पण दहा हंगामांत दहा वेळा संघ अंतिम सामन्यात पोचला आणि सात वेळा जिंकला. जिंकणाऱ्याची तक्रार कोण ऐकतो?

ग्रॅहम १९५५च्या विजयानंतर निवृत्त झाला. १९५६ साली ओहायोतले दोन हौशी संशोधक ब्राउनकडं एक यंत्र घेऊन आले, हेल्मेटच्या आत बसवायचा छोटा रेडिओ. कडेला उभा राहून ब्राउन बोलणार आणि क्वार्टरबॅकच्या डोक्यात ते वाजणार. दूतांची गरजच संपली. जॉर्ज रॅटरमन या खेळाडूच्या हेल्मेटमध्ये तो बसवला गेला. प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागला, कुणी आपलेही रेडिओ लावून चोरून ऐकायच्या तयारीला लागले आणि लीगचे आयुक्त बर्ट बेल यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये असल्या यंत्रांवर बंदी घातली. गंमत पाहा, यंत्र असूनही ब्राउनच्या संघानं त्या वर्षी जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. व्यावसायिक खेळात असं त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. रॅटरमनचा गुडघा त्याच हंगामात गेला आणि त्याचा खेळ संपला. पुढं तो केंटकीत निवडणूक जिंकून शेरीफ झाला. गावातल्या जुगारअड्ड्यांवर त्याला स्वतःच्या अकलेनं हुकूम सोडता आले, ते बरंच झालं.

जानेवारी १९६३मध्ये ब्राउनला त्याच्याच नावाच्या संघानं काढून टाकलं. मालक आर्ट मॉडेल वयानं तरुण आणि नवा होता. शिवाय पुढच्या पिढीच्या खेळाडूंना ही सांगकामी पद्धत जाचू लागली होती. ते घडलं तेव्हा क्लीव्हलँडच्या वर्तमानपत्रांत संप चालू होता. शहरातली एवढी मोठी बातमी आणि छापायला पेपरच नाही! पुढच्याच वर्षी, १९६४ साली, त्या संघानं विजेतेपद मिळवलं. क्वार्टरबॅक होता फ्रँक रायन, जो त्या वेळी राइस विद्यापीठात गणितात डॉक्टरेट करत होता. म्हणजे आजवर या गणितज्ञालाही बाहेरून सांगावं लागत होतं की डावीकडं फेक की उजवीकडं.

यावरून प्रशिक्षकानं गप्प बसावं असा निष्कर्ष कुणी काढू नये. इतिहास असा एका रेषेत चालत नाही. याच पॉल ब्राउनचा एक निरोप्या होता चक नोल. पुढं १९६९ साली तो पिट्सबर्गचा प्रशिक्षक झाला. पहिल्या हंगामात चौदापैकी एकच सामना जिंकला, तरी मालकांनी त्याला ठेवलं. हा भाग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९७० साली त्यानं लुइझियानातला टेरी ब्रॅडशॉ हा तरुण पहिल्याच क्रमांकावर निवडला. त्यानं पहिल्या वर्षी गुण मिळवून देणारे पास दिले ६ आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले २४. लोक त्याला ढब्बू म्हणू लागले. निरोप पोचवण्यात जवानी घालवलेल्या नोलनं मात्र आपल्या क्वार्टरबॅकला खेळी स्वतः निवडायची मोकळीक दिली. स्वभावानं नोल थंड, कौतुकाचा शब्द महाग. ब्रॅडशॉच्या मनातली ती सल पुढं कित्येक वर्षं गेली नाही, जरी दोघांनी मिळून चार सुपर बोल जिंकले.

पण मला बोलायचं आहे ते तिसऱ्या माणसाविषयी. त्याचं नाव जो गिलियम. वडील टेनेसीतल्या एका काळ्या विद्यापीठात प्रशिक्षक. १९७४च्या हंगामाची सुरुवात नोलनं ब्रॅडशॉला बसवून गिलियमला घेऊन केली. काळ्या माणसात धावायची ताकद असते, पण विचार करून नेतृत्व करण्याची नाही, असा समज त्या खेळात तेव्हा इतका रुजलेला होता की काळ्या क्वार्टरबॅकला धावपटू किंवा झेल घेणारा बनवून टाकत. मार्लिन ब्रिस्को हे त्याचं उदाहरण. १९६८ साली डेन्व्हरकडून नवखा असून उत्तम खेळला आणि पुढच्या वर्षी त्याला संधीच नाकारली. मग तो झेल घेणारा झाला. अशा काळात गिलियमनं पहिला सामना ३०-० असा जिंकून दिला. सहा सामन्यांत चार जिंकले, एक बरोबरीत, एक हरला. एवढ्यावर त्याला बसवलं गेलं आणि ब्रॅडशॉ परत आला. नोलचं म्हणणं, गिलियम ठरलेली आखणी सोडून मनाला येईल तसा चेंडू फेकत सुटतो. त्यात तथ्य होतं. पण त्याच दिवसांत गिलियमला धमक्यांची पत्रं येत होती, हेही खरं. तो संघ त्या वर्षी ब्रॅडशॉच्या हाताखाली अजिंक्य ठरला, म्हणजे हिशेबानं नोलचा निर्णय बरोबर. गिलियम व्यसनात बुडाला, काही काळ रस्त्यावर राहिला, सावरला, पुन्हा घसरला. २०००च्या नाताळच्या दिवशी तो गेला. पन्नाशीला चार दिवस कमी होते.

संघात एकटा वेगळा असण्याचा अर्थ मला समजावून सांगावा लागत नाही. तुमची चूक तुमच्या एकट्याची राहत नाही, आणि तुमच्या जागी पुढं कुणाला घ्यायचं की नाही, हेही तीच ठरवते. १९८८च्या जानेवारीत डग विल्यम्स या काळ्या क्वार्टरबॅकनं वॉशिंग्टनला सुपर बोल ४२-१० असा जिंकून दिला, एकाच सत्रात चार पासांवर गुण मिळवून, तेव्हा कुठं त्या समजाला तडा गेला. गिलियम तेव्हा सदतीस वर्षांचा होता.

प्रशिक्षकाच्या चुकीचा निकाल इतक्या चटकन आणि इतका उघडपणे क्वचितच लागतो. पण एकदा लागला. डॅलसचा टॉम लँड्री, डोक्यावर हॅट, चेहऱ्यावर सुरकुती नाही. १९७१ साली त्याच्याकडं दोन क्वार्टरबॅक होते : क्रेग मॉर्टन आणि व्हिएतनामची नोकरी करून उशिरा खेळात आलेला रॉजर स्टॉबॅक. कुणाला घ्यावं हे लँड्रीला ठरवता येईना. ३१ ऑक्टोबरला शिकागोविरुद्ध त्यानं कहर केला. प्रत्येक खेळीला क्वार्टरबॅक बदलायचा! एक आत, एक बाहेर, पॉल ब्राउनच्या दूतांसारखे. यार्डांच्या हिशेबात डॅलस कितीतरी पुढं होता, तरी सामना २३-१९ असा हरला. सातपैकी तीन सामने हातचे गेलेले. मग लँड्रीनं स्टॉबॅकचं नाव जाहीर केलं आणि तिथून सलग दहा सामने जिंकून संघानं सुपर बोल घेतला. तेच खेळाडू, तेच मैदान. बदललं एवढंच, की एकाला सांगण्यात आलं, तू चुकलास तरी उद्या तूच आहेस. खेळी मात्र लँड्रीच सांगत राहिला, आणि स्टॉबॅकला ते शेवटपर्यंत टोचत राहिलं.

१९९४ साली लीगनं हेल्मेटमधला रेडिओ अधिकृत केला. ब्राउनचं स्वप्न अडतीस वर्षांनी खरं झालं. ते पाहायला तो नव्हता, १९९१मध्येच वारला होता. नियम असा आहे : दोन खेळींमध्ये साधारण चाळीस सेकंदांची मुदत असते. घड्याळात पंधरा सेकंदं उरली की कानातला आवाज आपोआप बंद होतो. पुढचं सगळं क्वार्टरबॅकचं. ज्याच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो त्याच्या हेल्मेटला मागं हिरवा ठिपका लावतात. मला तो ठिपका नेहमी विचित्र वाटत आला आहे. कुणाच्या डोक्यात दुसऱ्याचा आवाज आहे, हे सगळ्यांना कळावं म्हणून केलेली खूण!

आता अ‍ॅलेक्स स्मिथकडं येतो. यूटा विद्यापीठाकडून खेळताना २००४च्या हंगामात त्याचा संघ एकही सामना हरला नाही. अर्थशास्त्राची पदवी त्यानं दोन वर्षांत पुरी केली होती. एप्रिल २००५मध्ये फोर्टी नाइनर्सनं त्याला देशभरातून पहिला निवडलं; वय वीस. त्याच दिवशी अ‍ॅरन रॉजर्स नावाचा त्याच भागातला मुलगा चोविसाव्या क्रमांकापर्यंत ताटकळला. पहिल्या हंगामात स्मिथचा एकच पास गुण देऊन गेला आणि ११ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. ‘चुकीचा मुलगा निवडला,’ असं शहर म्हणू लागलं.

पण क्वार्टरबॅकच्या कानात बोलणारा माणूस कोण होता? या खेळात मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा एक वेगळा प्रशिक्षक असतो. खेळींची भाषा त्याची, नावं त्याची, सगळी आखणी त्याची. तो बदलला की क्वार्टरबॅकनं नवी भाषा शिकायची. २००५मध्ये माइक मॅकार्थी. तो एका वर्षात दुसरीकडं मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला. २००६मध्ये नॉर्व्ह टर्नर. त्याच्या हाताखाली पोरगा सावरायला लागला, १६ पासांवर गुण मिळाले, आणि टर्नरही बढती घेऊन निघून गेला. २००७मध्ये तिसरा, २००८मध्ये चौथा, २००९मध्ये पाचवा. २०१०च्या हंगामात तीन सामने होताच त्यालाही काढलं आणि सहावा आला. मी टीव्हीवर पाहत होतो ते या सहाव्याच्या कारकिर्दीतले पहिले आठवडे. शाळेत एका मुलाला पाच वर्षांत मोडी, उर्दू, कानडी, गुजराती आणि तमिळ अशा लिप्या शिकवाव्यात आणि प्रत्येक वार्षिक परीक्षेनंतर म्हणावं, की पोरात काही दम नाही, तसं ते झालं.

त्यातला २००७चा प्रकार अधिक वाईट. ३० सप्टेंबरला सिएटलविरुद्ध स्मिथचा उजवा खांदा, म्हणजे फेकायचाच खांदा, निखळला. काही आठवड्यांनी तो दुखऱ्या खांद्यानं पुन्हा खेळायला उतरला आणि साहजिकच वाईट खेळला. मुख्य प्रशिक्षक माइक नोलन यांनी त्याच्या सोसण्याच्या ताकदीविषयीच शंका घेतली. मग शस्त्रक्रिया झाली आणि पुढचा अख्खा हंगाम बुडाला. खांदा खरोखरच निकामी झाला होता. नोलन यांचे वडीलही एके काळी याच संघाचे प्रशिक्षक होते; वडिलांच्या सन्मानासाठी नोलन मैदानाच्या कडेला सूट-टाय घालून उभे राहत. माणूस भावनाशून्य नव्हता, हे यावरून दिसतंच. पण स्वतःची खुर्ची डळमळू लागली की भला माणूसही हाताखालच्याकडं बोट दाखवतो. २००८च्या ऑक्टोबरात त्यांनाही काढलं.

आणि प्रेक्षक ज्याच्या नावानं ओरडत होते तो डेव्हिड कार? तोही २००२ साली देशातून पहिला निवडलेला. ह्यूस्टनच्या नव्या संघानं त्याला घेतलं आणि रक्षणाला धड गडी दिले नाहीत. त्या एका वर्षात तो ७६ वेळा पाडला गेला. तो उच्चांक आहे. पाच वर्षांत २४९ वेळा. प्रशिक्षक बदलला, मग कारही गेला आणि फिरत फिरत इथं स्मिथच्या मागं राखीव म्हणून बसला. म्हणजे त्या संध्याकाळी लोक एका मोडलेल्याला काढून दुसऱ्या मोडलेल्याला आणा म्हणत होते.

आता माझी गोष्ट. १९९६ साली गावच्या तालमीचा कबड्डी संघ माझ्याकडं होता. मी काही मोठा खेळाडू नव्हतो. शिकलेला म्हणून पोरं ऐकायची. तालुक्याच्या अंतिम सामन्यात आम्ही एका गुणानं पुढं होतो आणि मिनिटभराहून कमी वेळ उरला होता. आमचा एकोणीस वर्षांचा चढाईपटू निघाला. निदानरेषा ओलांडून परत यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. निघताना त्यानं माझ्याकडं बघून तसा हातही केला. मी कडेवरून खुणावलं, आत जा. मला एका गुणानं नको होतं, दिमाखात जिंकायचं होतं. तो आत गेला, पकड झाली. बरोबरी. पुढच्या चढाईत त्यांनी गुण घेतला आणि आम्ही हरलो.

रात्री ट्रकमधून परतताना पोरं त्याला वाटेल ते बोलली. गावात वडीलधाऱ्यांनी विचारलं, ‘‘शहाण्या, एवढ्या आत कशाला मेलास?’’ तो माझ्याकडं बघत होता. मी काही बोललो नाही. एक वाक्य पुरलं असतं, मी सांगितलं होतं. ते मी त्या रात्री बोललो नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग ते बोलायची वेळ निघून गेली. त्यानं तालमीत येणं सोडलं. पुढं पुण्याकडं कामाला गेला. संघ माझ्याकडं आणखी तीन वर्षं होता. हे मी आज पहिल्यांदा जाहीरपणे सांगतो आहे, तेही दोनशे मैलांवरून, मायक्रोफोनआडून.

स्मिथचं पुढं काय झालं? २०१० संपायच्या आत तो ओरडणारा प्रशिक्षक, माइक सिंगलटरी, गेला. जिम हार्बा आला. तो स्वतः क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला. २०११च्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडूंच्या भांडणामुळं संघांची मैदानं बंद होती. स्मिथचा करारही संपलेला. तरी त्यानं सोबत्यांना सॅन होजे विद्यापीठाच्या मैदानावर जमवून नव्या प्रशिक्षकाच्या खेळी शिकवल्या. सातवी भाषा, आणि या वेळी शिकवणारा तो स्वतः. त्या हंगामात संघानं सोळापैकी तेरा सामने जिंकले आणि स्मिथचे फक्त पाच पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागले. जानेवारी २०१२मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध शेवटची नऊ सेकंदं उरली असताना त्याच्या पासावर सामना जिंकला. भावानं पहाटे फोन करून मला उठवलं होतं. पुढच्या सामन्यात मात्र काइल विल्यम्स नावाच्या राखीव पोराच्या हातून चेंडू निसटला, संघ हरला आणि त्या पोराला इंटरनेटवरून जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. शहराला नवा गुन्हेगार मिळाला. हार्बा आणि सोबती त्याच्या पाठीशी उभे राहिले, एवढं बरं झालं.

पुढच्या वर्षी डोक्याला मार लागून स्मिथ बसला आणि बदली खेळाडूनं जागा घेतली. कॅन्सस सिटीत पाच वर्षं चांगली गेली. तिथं २०१७ साली पॅट्रिक महोम्स हा तरुण त्याची जागा घेणार, हे ठाऊक असताना स्मिथनं त्याला हातचं न राखता शिकवलं. महोम्स आजही ते सांगतो. मग वॉशिंग्टन. १८ नोव्हेंबर २०१८ला पायाची दोन्ही हाडं मोडली, जखमेत जंतुसंसर्ग झाला, पाय जातो की जीव अशी वेळ आली. सतरा शस्त्रक्रिया झाल्या.

११ ऑक्टोबर २०२०ला, पावसात, तो पुन्हा मैदानात उतरला. पहिला पसंतीचा खेळाडू दुखापतीनं बाहेर गेला म्हणून. भाऊ फोन धरून मला सांगत होता, कारण इथं आमच्याकडं सामना दिसत नव्हता : उतरला, चेंडू घेतला, पाडलं, भाई, पाडलं त्याला, पाठीवरच बसला तो गडी... उठला. त्या दिवशी स्मिथ सहा वेळा पाडला गेला आणि वॉशिंग्टन ३०-१० असा हरला.

मी भावाला विचारलं, त्याची पाळी इतक्या लवकर कशी आली? तर त्याच आठवड्यात प्रशिक्षकांनी ड्वेन हॅस्किन्स या तेवीस वर्षांच्या क्वार्टरबॅकला पहिल्या जागेवरून थेट तिसऱ्यावर ढकललं होतं. वर्षभरापूर्वी त्याला पहिल्या फेरीत निवडलं, तेव्हाचे प्रशिक्षक मधल्या काळात बदलले होते. डिसेंबरात त्याला संघातूनच काढलं. एप्रिल २०२२मध्ये फ्लोरिडातल्या एका महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो मेला, वय चोवीस. तो सराव करायला त्या राज्यात गेला होता.